‘सरौता’चा चौथा नमुना

१

आमच्या धंद्यात एक जण काढतो, दुसरा भरतो. काढणारा म्हणजे अक्षराची रेघ ओढणारा. भरणारा म्हणजे त्या रेघेच्या आत रंग घालणारा. बावीस वर्षं माझा नवरा काढत आला आणि मी भरत आले. त्याला इंदूरजवळच्या आमच्या गावातलं सगळं फ्रीगंज जयंत पेंटर म्हणतं. मीही इथं जयंतच लिहिते, समोर मात्र ‘अहो’.

रेघ दिसली की भरायची, विचारायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “सूनबाई, रेघेच्या आत राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं.” पहिलं जमलं.

सासऱ्यांना घराण्याचा फार अभिमान. त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होते, मोत्यासारखं लिहायचे म्हणे. त्या मोत्यांतलं आमच्या वाट्याला टावर चौकाच्या मागच्या गल्लीतलं तेरा बाय नऊचं दुकान आलं. मागे आमची खोली. मी चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर चांगलं की वाईट हे मला शिकलेल्यांपेक्षा लवकर कळतं.

आमची मानसी एकुलती. वीस वर्षांची. माधव नगरात एका कम्प्यूटरच्या दुकानात लग्नपत्रिका करायला जायची. ते शहाण्णव साल. गावात कम्प्यूटर आला होता, रेडियमची कापलेली अक्षरं आली होती, आणि जयंत रोज कुणाला ना कुणाला शिव्या देत होता. पण मानसीचा हात खरा हातानं काढण्याचाच. बापापेक्षा सरस. अक्षर काढताना करंगळी फळीवर टेकवतात, त्यावर पंजा तोलून धरला की रेघ थरथरत नाही. मानसीची डावी करंगळी वाकडी आहे, आणि ती डावखुरी. ती वाकडी करंगळी फळीला आकड्यासारखी बसते. तिची रेघ दगडावर कोरल्यासारखी येते.

करंगळी वाकडी झाली ती माझ्यामुळं. ती तीन वर्षांची होती. दुपारी मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि तिचा हात उंबऱ्यावर होता. तेव्हापासून त्या हातावर माझी नजर असते. पोरगी कुठंही असो, हात कुठं आहे ते मी आधी बघते.

मे महिन्यात भय्यासाहेब आले. सिमेंटची एजन्सी, खूप पैसा, आणि आता सिनेमा काढायचं खूळ. हातात कागदांची चळत.

“वहिनी, हे बघा. आपल्या मानसीनेच काढून दिले. चाळीस फॉन्ट. एकच नाव, चाळीस तऱ्हेने.”

प्रत्येक कागदावर एकच शब्द. ‘सरौता’. म्हणजे आपला अडकित्ता.

“सुपारीवर सिनेमा काढताय का?” मी विचारलं.

“थ्रिलर आहे. एक माणूस सरौत्याने लोकांची बोटं कातरतो.”

“का कातरतो?”

“वो इंटरवल के बाद पता चलेगा.”

जयंत हसला. मी म्हटलं, “मग चाळिसातला एक घ्या की. आमच्याकडे कशाला आलात?”

“मजा नाही येत, वहिनी. कम्प्यूटरमध्ये खून टपकतंय, पण सगळ्या अक्षरांतून सारखंच टपकतंय. नळ गळल्यासारखं. डर नाही वाटत.” त्यांनी कागद जमिनीवर टाकले. “जयंतराव, मला असा फॉन्ट द्या की त्यात हात दिसला पाहिजे.”

तीन नमुने गुरुवारपर्यंत द्यायचे ठरलं. पोस्टरवर, कॅसेटवर, टावर चौकातल्या मोठ्या बोर्डावर, सगळीकडे तेच अक्षर जाणार होतं. जयंत खूष. म्हणाला, “कम्प्यूटरनं हात टेकले ना शेवटी.”

२

बुधवारी सकाळी जयंतनं पुठ्ठ्यावर रेघा काढल्या आणि देवास गेटला रंग आणायला गेला. दुपारी मी शटर अर्धं खाली घेतलं आणि भरायला बसले. पुठ्ठे भिंतीला ओळीनं लावलेले. पहिल्यावर जाड उभी अक्षरं. दुसऱ्यावर ब्रशच्या फटकाऱ्यासारखी तिरकी. तिसऱ्यावर काना अडकित्त्याच्या पात्यासारखा. चौथ्यावर साधीच अक्षरं, आणि ‘ता’खाली एकच धार लोंबणारी.

चारही भरले. लाल इनॅमल, पी. ओ. रेड, पोस्टाच्या पेटीचा असतो तो. चौथ्याची धार भरताना एवढं वाटलं की धार अशी नसते. वर बारीक, खाली थेंबाशी जाड, अशी धार असते. ही सारखीच जाड होती आणि दोन ठिकाणी फुगलेली. पण रेघ होती. मी भरली.

जयंत आला, पाणी प्यायला, आणि भिंतीपाशी थांबला.

“हा कुणी काढला?”

“तुम्ही.”

“मी तीन काढले.”

“मग मी काय चौथीपर्यंतचे आकडेही विसरले? चार लावले होते, चार भरले.”

त्यानं चौथा पुठ्ठा उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग रेघेवरून नख फिरवत म्हणाला, “हात अधांतरी ठेवून काढलाय. करंगळी टेकलेलीच नाही. बघ, कशी थरथरतेय. पण सोडलेली नाही कुठे. एका दमात ओढलीय.”

संध्याकाळी मानसी आली तर तिलाच विचारलं. ती रागावली. “मी सकाळपासून माधव नगरात होते. आणि बाबा, माझी रेघ अशी कापते का?”

शटर दुपारभर अर्धं खाली होतं. मी दारातच बसले होते. कुणी आलं असतं तर माझ्या अंगावरून जावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, उन्हामुळं जयंतचं डोकं चालत नाही. काढला असेल आणि विसरला असेल.

३

भय्यासाहेब गुरुवारी यायचे ते शनिवारी आले, आणि त्यांनी चौथाच उचलला. मला माहीत होतं ते चौथाच उचलणार.

“हाच. यही है.” त्यांनी धारेवर बोट ठेवलं. पहिलं बोट, त्यात पुखराजाची जाड अंगठी. “यात हात आहे, जयंतराव.”

बोट उचललं तर टोकाला लाल लागलेलं. इनॅमल रात्रीत वाळतं. हा बुधवारचा रंग होता आणि तो शनिवार होता. मी त्यांना टर्पेंटाइनचा बोळा दिला. त्यांनी पुसलं, हसले, गेले.

मंगळवारी आले तेव्हा उजव्या हाताला भलं मोठं पांढरं बँडेज. पहिल्या बोटाच्या जागी काहीच नाही.

“गाडीचं दार,” ते म्हणाले. “मीच लावलं, वहिनी. ड्रायवर नाही, कुणी नाही. माझ्याच डाव्या हातानं. हात चौकटीत आहे हे दिसत होतं. तरी लावलं.” मग म्हणाले, “ड्रायवरने पूरी गाडी खोल दी. सीट काढली, पायदान काढलं. ना उँगली, ना अँगूठी.”

ते लगेच सावरले. माणूस धंद्याचा. “पब्लिसिटी बघा कशी होते. प्रोड्यूसरने फिल्म के लिए उँगली दे दी. आता बोर्ड आठ बाय चारचा करा. येत्या रविवारी टावर चौकात लागला पाहिजे.”

ते गेल्यावर मी चौथा नमुना काढून पाहिला. मी धार सपाट भरली होती. माझा भराव कधी वरखाली होत नाही. आता त्या धारेच्या मुळाशी, अक्षराला लागून, एक खाच होती, गोल, सगळीकडून सारखी. वर्षानुवर्षं अंगठी घातली की बोटाला पडते तशी.

जयंतला दाखवली. तो म्हणाला, “रंग आकसतो.”

“गोल आकसतो?”

“नंदा, उन्हात बसू नकोस.”

४

मोठी फळी त्यानं दुकानाच्या मागच्या भिंतीला खिळ्यांनी पक्की ठोकली, हलू नये म्हणून. भिंत आणि फळी यांच्यात पोस्टकार्ड जाणार नाही अशी. मग चौकटी आखून चौथा नमुना मोठा करायला घेतला. चिडचिड चाललेली. “या वयात रेघ बिघडवून काढायला शिकतोय,” म्हणायचा. थरथर हुबेहूब यायला हवी होती, आणि त्याच्या हाताला थरथर जमेना.

अक्षरं गुरुवारी झाली. एक धार, नमुन्यात होती तशी. मी अक्षरं भरली आणि धार सोडली. म्हटलं, उद्या बघू.

शुक्रवारी जेवून आले तर धारा दोन.

दुसरी आखूड, रुंद, टोकाशी चपटी. पेन्सिलची रेघ, थरथरणारी, न सोडलेली. मी ओला कपडा घेऊन पुसली. पुसली जाईना. खोडरबर घासला, रबर तुटला. रेघ लाकडात बसली होती.

“तुम्ही काढली?”

जयंत घोडीवर होता. घोडी म्हणजे पेंटरची दुपायी शिडी, वर बिजागरी, उघडली की उभी राहते. त्यानं वरूनच बघितलं. “भय्यासाहेबांनी काढली असेल. सकाळी आले होते.”

“बँडेज बांधलेल्या हातानं?”

“नंदा, परवा बोर्ड लागायचाय. भर.”

“नाही भरत.”

बावीस वर्षांत मी हे कधी म्हटलं नव्हतं. तो खाली उतरला, माझ्या हातातून ब्रश घेतला. “दे इकडे. एवढ्याशा रंगासाठी नाटकं.”

तो भरत असताना मी जवळून बघितलं. चपट्या टोकावर नखाची रेघ होती, आणि नखाच्या मधोमध एक उभी चीर. जयंतच्या उजव्या अंगठ्याचं नख तसंच आहे. वीस वर्षांपूर्वी हातोडी बसली तेव्हापासून मधोमध फाटलेलं.

“अहो, थांबा. हा तुमचा अंगठा आहे.”

त्यानं अंगठा वर करून फळीशी लावला, बघितला, आणि हसला. “खरंच की. मग तर बरं, सही करायला नको.” आणि उरलेला कोपरा भरून टाकला.

मग घोडी सरकवायला त्यानं ती वरून धरली. एवढंच केलं. रोज दहादा करतो ते. घोडीचे दोन पाय मिटले, आणि वरची बिजागरी अडकित्त्यासारखी त्याच्या अंगठ्यावर बसली. आवाज सुपारीचाच आला. मी शपथेवर सांगते, कच्च्या नाही, वाळक्या सुपारीचा. जयंत हाताकडे बघत राहिला, आणि रक्त त्याच्या कोपरावरून माझ्या पी. ओ. रेडच्या डब्यात पडत राहिलं. रंगात रंग, वेगळा दिसेना.

घोडीचे पाय आवळायला तिथं कुणी नव्हतं. मी समोर उभी होते.

५

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, अंगठा आणलाय का, बर्फात घालून आणला असता तर बघता आलं असतं. मी रिक्षानं परत आले. तेरा बाय नऊचं दुकान. रद्दी, डबे, बाटल्या, सगळं बाहेर गल्लीत फेकलं. झाडू मारला. गटार उपसलं. शेजारची मीरा बघत उभी राहिली, म्हणाली, “भाभी, क्या गुम गया?”

“नवऱ्याचा अंगठा,” मी म्हटलं. ती आत गेली.

सापडला नाही.

दवाखान्यात जयंत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मानसी त्याच्या उशाशी. ती म्हणाली, “आई, बोर्ड मी पुरा करते. उद्या संध्याकाळपर्यंत होईल. बाबांचं शेवटचं काम आहे ते. दुसरं कुणी हात लावणार नाही.”

“बोर्ड मी जाळणार आहे.”

जयंत भिंतीकडे बघतच म्हणाला, “करू दे तिला. माझा हात गेला, तिचा आहे.”

हेच मला नको होतं. तिचा आहे, हे त्या दुकानात कुणी मोठ्यानं बोलू नये असं मला वाटत होतं.

शनिवारी दुपारी मी एकटी दुकानात आले. लहान कुऱ्हाड आणली होती, फळ्या फोडायची. शटर अर्धं खाली घेतलं. गल्लीत कुणी नव्हतं, उन्हात कुत्रंही नव्हतं. लांब टावर चौकात कुणीतरी गाणी लावलेली.

आणि पेन्सिलचा आवाज.

मी सगळं करून बघितलं. पंखा बंद केला. उंदीर असेल म्हणून पाय आपटला. पाल असेल म्हणून वर बघितलं. आवाज थांबत नव्हता. लाकडावर शिसं ओढल्याचा, लांब, एका दमाचा. बावीस वर्षं हा आवाज ऐकत मी भरत आले. मला त्यात चूक होत नाही. आवाज फळीच्या या बाजूनं येत नव्हता.

मी मान वळवली तेव्हा फळीच्या उजव्या कडेवर बोटं होती. मागून वळून पुढे आलेली, आपण पुस्तक धरतो तशी. फळी आणि भिंत यांच्यात पोस्टकार्ड जात नव्हतं, हे मी लिहिलंय.

पाच नव्हती. एक पहिलं बोट, त्यात पिवळा खडा. एक अंगठा, फाटक्या नखाचा, नखात निळा रंग. तो निळा शुक्रवारी सकाळचा. जयंतनं मेडिकल दुकानाची पाटी केली होती. बाकी तीन जागा रिकाम्या. रिकाम्या म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. तिथून कुठलंच बोट सुरू होत नव्हतं, तरी फळी तिथंही धरलेली होती.

पेन्सिल धरायलाही त्या हाताला हीच दोन बोटं होती. खाली टेकायला करंगळी नव्हती, म्हणून रेघ थरथरत होती.

तिसरी धार अर्धी झाली होती. बारीक. मधल्या पेरापाशी बाहेर वाकलेली, आकड्यासारखी.

६

मी कुऱ्हाड घातली. बोटांवरच घातली, विचार केला नाही. फळीची कड फुटली, ढलपी उडाली, पातं चुन्यात रुतलं. बोटं नव्हती. रक्त नव्हतं.

मग मी खिळे उपसले. एकटीनं. हाताची सालटी निघाली. फळी अंगावर आली ती खांद्यानं झेलली आणि बाजूला टेकवली. मागे भिंत. आमचीच भिंत, चुना मारलेली, सपाट. आणि भिंतीवर तीच रेघ, तिथंच, उलट बाजूनं. बाहेर वाकलेली करंगळी. कोपऱ्यात चुन्याची बादली होती, तिचे तीन हात दिले. ओल्या चुन्यातून रेघ वर आली, दूध उतू येतं तशी.

तेवढ्यात शटरखालून मानसी आत आली. हातात डबा, कपाळावर घाम.

“आई, हे काय केलंस? फळी का काढलीस?” मग तिची नजर फळीवर, तोवर पुरी झालेल्या रेघेवर गेली. ती जवळ गेली. “ही बाबांनी माझी करंगळी काढलीय?”

“हात लावू नकोस.”

तिनं डावा हात फळीवर ठेवला. करंगळी रेघेत बसली. जराही इकडे तिकडे नाही. ती हसली, डोळ्यांत पाणी येऊन हसली. “दुखापतीच्या आधी काढली असणार. त्यांनी स्वतःचा अंगठा काढला आणि माझी करंगळी. आई, असं कुणी काढतं का कुणासाठी?”

आणि तिनं ब्रश उचलला. रेघ दिसली की भरायची. माझीच पोरगी.

मी तिच्या तोंडावर मारलं. ती डब्यावर जाऊन पडली, वरण सांडलं. सतरा वर्षांत मी तिला बोट लावलं नव्हतं. शटरच्या दिवसापासून.

“तू वेडी झालीयस,” ती बसूनच म्हणाली.

“झाले. जा, बापाजवळ बस.”

“जाते. भय्यासाहेबांना घेऊन सहा वाजता येते, आणि त्यांच्यासमोर भरते. मग मार किती मारायचं ते.” ती उठली. शटरखालून वाकून जाताना तिनं उंबऱ्यावर हात टेकला, डावा, आणि मी धावत जाऊन शटर वर धरलं. गेली.

सहा वाजायला तीन तास होते. फळी जाळली तर रेघ भिंतीवर होती. भिंत पाडली तर ती कुठं निघेल, तिच्या कम्प्यूटरवर, तिच्या लग्नाच्या पत्रिकेवर, कुणाला ठाऊक. आणि ती पोरगी जिथं दिसेल तिथं भरणार होती, बापानं काढलीय म्हणून. तिला खरं सांगितलं असतं तर तिनं ‘उन्हात बसू नकोस’ म्हटलं असतं.

ती रेघ भरलीच जाणार होती. कुणी भरायची आणि आत काय असायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

७

मी जन्मात रेघ काढली नव्हती. पेन्सिल हातात धरली तर हात जयंतच्या हातापेक्षा जड. मी डावा हात फळीवर ठेवला, मानसीच्या करंगळीवर माझी करंगळी. माझी जाड आहे, धुण्याभांड्यांनी सुजलेली, सरळ. भोवतीनं रेघ ओढली. तिचं वाकडेपण सगळं माझ्या रेघेच्या आत आलं.

भिंतीवरही तेच केलं.

मग रंग. डब्यात जयंतचं रक्त होतं, साय धरलेली. ढवळलं. भरलं. रेघेच्या आत राहिले, कड सोडली नाही, दोन हात दिले. वाकडी करंगळी लालात बुडाली. वर दिसायला माझीच राहिली.

हात धुतले. टर्पेंटाइन, मग साबण. कुंकू नीट केलं. कशाला केलं ते माहीत नाही.

मी वाट बघत बसणार नव्हते. गाडीचं दार, घोडीची बिजागरी, असलं काही अंगावर यायची वाट. मी उंबऱ्याशी बसले. शटरच्या खालच्या लोखंडी पट्टीला गंज चढलाय, पण धार आहे. उंबऱ्यालाही लोखंडी पट्टी. डावी करंगळी उंबऱ्यावर ठेवली, बाकीची बोटं मिटून घेतली. सतरा वर्षांपूर्वी पोरीची ठेवलेली होती, बरोबर तिथं. तेव्हा मीच ओढलं होतं. आताही मीच ओढलं.

पहिल्यांदा तुटली नाही. शटर वर करून परत ओढावं लागलं.

तोंडात पदर होता. मीराला ऐकू गेलं नाही. डोळे उघडले तेव्हा उंबऱ्यावर रक्त होतं आणि करंगळी नव्हती. शोधली नाही. आत, भिंतीपाशी, काहीतरी हलकेच टेकल्याचा आवाज आला. पेन्सिलचा नाही. फळीवर करंगळी टेकवतात तेव्हा येतो तो.

८

सहा वाजता भय्यासाहेब आणि मानसी आली. मी हाताला टॉवेल गुंडाळून पायरीवर बसलेली. मानसीनं माझा हात धरला आणि फळीकडे बघितलं. तिला काय कळलं, काय नाही, मी विचारलं नाही. तिनंही त्यानंतर कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती आमच्या दुकानात काही भरायच्या आधी म्हणते, “आई, ही मी काढलीय.” मी “हो” म्हटल्याशिवाय ब्रश उचलत नाही.

भय्यासाहेबांनी फळीच्या फुटक्या कडेवर हात फिरवला. “वहिनी, ये कट बहुत असली है. असाच राहू द्या.” रविवारी बोर्ड तसाच टावर चौकात लागला. लाल अक्षरं, खाली तीन धारा. लोक थांबून बघायचे. आयाबाया पोरांचे हात घट्ट धरून जायच्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सिनेमा इंदूरला चार दिवस चालला, इथं तीन. पावसाळ्यात बोर्ड उतरवला. भय्यासाहेब आता टाइल्सची एजन्सी बघतात.

जयंत गल्ल्यावर बसतो. मानसी दुकान चालवते, अर्धं कम्प्यूटरवर, अर्धं हातानं. लोक सांगतात, हातानंच काढ. तिचं श्रेयसशी ठरलं. रेल्वेत आहे, मुलगा बरा आहे. परवा साखरपुडा झाला. तिच्या डाव्या हातात त्यांनी अंगठी घातली, पातळ, छोट्या लाल खड्याची. मी समोर बसून तो हातच बघत होते.

काल दुपारी जेवून आले. शटर अर्धं खाली. मागच्या भिंतीला साडीच्या दुकानाची पाटी लावलेली, मानसीनं सकाळी काढलेली. अक्षरांखाली दोन रेघा जास्त होत्या. एक लांब, मधल्या बोटाएवढी. एक तिच्याहून जरा आखूड, आणि तिच्या मुळाशी पातळ कडं, त्यात खड्याएवढा ठिपका.

मी जवळ जाऊन नखानं पाहिलं. रेघ थरथरत नव्हती. मोत्यासारखी होती, पणजोबांच्या दफ्तरातली. टेकायला करंगळी मिळाली आहे त्या हाताला. मी दिलेली.

पाचही झाल्यावर काय, ते मी विचारत नाही. आमच्या धंद्यात विचारत नाहीत.

मानसी चारला येते. मी पेन्सिल घेतली, डावा हात पाटीवर ठेवला. त्या हाताला दोन हवीत. माझ्याकडे नऊ आहेत.